मिठाला पाणी का सुटतं? : नववीच्या गटाच्या प्रकल्प नोंदी

१९ जून

विज्ञान प्रदर्शनासाठी विषय मागितले. पहिला हात ज्वालामुखीचा वर आला. खायचा सोडा, व्हिनेगर, लाल रंग, कागदाच्या लगद्याचा डोंगर. दर वर्षी किमान दोन ज्वालामुखी येतात, फसफसतात, टाळ्या घेतात आणि त्यातून कोणाला काय कळलं ते ज्वालामुखीलाच ठाऊक. मी सरळ नाही म्हटलं.

मधल्या सुट्टीत एकीने कैरीबरोबर कागदाच्या पुडीत मीठ आणलं होतं. पुडी उघडली तर कागद भिजून फाटलेला. तिचा प्रश्न: "बाई, पावसात मिठालाच पाणी का सुटतं? साखरेच्या पुडीला नाही सुटत." बाजूच्याने लगेच उत्तर दिलं, "हवेत पाणी असतं म्हणून." मग साखरेला का नाही? तो गप्प. विषय ठरला.

गटात सहा जण. वजन करणारी एकच, कारण काटा हातोहाती फिरला की आकडे बिघडतात. तिला सगळे काटेवाली म्हणू लागलेत. नोंदी लिहिणारा तो वहीवाला. बाकीचे चार जण पडेल ते काम करणार.

२३ जून

आधी हवेतल्या पाण्याचा हिशेब. वर्ग मोजपट्टीने मोजला: ८ मीटर लांब, ६ मीटर रुंद, साडेतीन मीटर उंच. म्हणजे १६८ घनमीटर. ३० अंश सेल्सिअसला एक घनमीटर जागेत जास्तीत जास्त ३० ग्रॅमच्या आसपास वाफ मावते. म्हणजे पूर्ण भरला तर वर्गात ५ किलो पाणी. आज आर्द्रता ८० टक्के धरली तर ४ किलो, म्हणजे चार लिटर.

यावर वर्गात चांगलीच खळबळ. "चार लिटर? मग दिसत का नाही?" मी म्हटलं, सुटे रेणू आहेत, दिसणार कसे? ढग किंवा चहाच्या कपावरचं पांढरं जे दिसतं ती वाफ नसतेच, ते पाण्याचे बारीक थेंब असतात. वाफ दिसत नाही. हे पाठ्यपुस्तकात एका ओळीत असतं आणि वाचताना कोणी तिथे थांबत नाही. चार बाटल्या टेबलावर मांडून ठेवल्या, मग थांबले.

सापेक्ष आर्द्रता म्हणजे मावू शकेल त्यातलं किती टक्के भरलंय ते. तापमान वाढलं की मावण्याची हद्द वाढते, म्हणून तेवढीच वाफ असली तरी दुपारी टक्का उतरतो. हे पुढे लागणार आहे, वहीत चौकट करून ठेवलं.

२७ जून

पहिली मांडणी. काचेच्या सारख्या बशा, प्रत्येकीत १० ग्रॅम. पाकिटातलं बारीक मीठ, बाजारातलं खडे मीठ, साखर, कपाटात ओल धरू नये म्हणून ठेवतात त्या डब्यातलं कॅल्शियम क्लोराइड आणि बुटांच्या खोक्यात निघणारे सिलिका जेलचे दाणे. प्रयोगशाळेच्या आतल्या कोपऱ्यात ठेवल्या. खिडकीपाशी नको, पावसाचे तुषार आत येतात. काटा खिशात मावणारा डिजिटल, ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत दाखवतो. सोनार वापरतात तसला.

समुद्राचं पाणीही आहे. मे महिन्यात, पाऊस सुरू व्हायच्या आधी, गिरगाव चौपाटीवरून पाच लिटरचा कॅन भरून आणला होता. पावसात नेलं असतं तर नाल्यांचं आणि पावसाचं पाणी मिसळून खारटपणा उतरला असता.

१ जुलै

आजची वजनं:

पाकिटातलं मीठ १३.१ ग्रॅम, बशीच्या कडेला ओलं.
खडे मीठ १३.७, तळाशी पाणी दिसतंय.
साखर १०.०३, म्हणजे जवळजवळ काहीच नाही.
कॅल्शियम क्लोराइड १९ च्या वर. दाणा उरला नाही, नुसतं पाणी.
सिलिका जेल १२.४, हाताला पूर्ण कोरडं.

शेवटच्या दोन ओळींवर मुलं अडली. दोघांनी पाणी घेतलं, मग एक वितळल्यासारखं झालं आणि दुसरं कोरडं कसं? सिलिका जेल पाण्यात विरघळत नाही. त्याच्या आत अतिशय बारीक छिद्रं असतात, पाण्याचे रेणू त्या छिद्रांच्या भिंतींना चिकटून राहतात. कॅल्शियम क्लोराइड मात्र हवेतलं पाणी घेऊन त्यातच विरघळतं. याला रसायनात चिघळणं म्हणतात. वितळणं वेगळं. मीठ वितळायला ८०१ अंश सेल्सिअस लागतात, आपल्या गॅसवरच्या पातेल्यात ते होणार नाही. "मीठ वितळलं" असं वहीत लिहिलेलं खोडून "विरघळलं" करायला लावलं.

आणि पाकिटातलं मीठ? जाहिरातीत ते कधीच ओलं होत नाही. आपल्याकडे झालं. मुलांना याचा खूप आनंद झाला.

४ जुलै

समुद्राचं पाणी आटवलं. एक लिटर पूर्ण कोरडं होईपर्यंत (याला "समुद्र एक" म्हणू) आणि दोन लिटर टप्प्याटप्प्याने. आधी गाळणकागदातून गाळून घेतलं. स्टीलचं पातेलं नको, खाऱ्या पाण्याने त्याला खड्डे पडतात. काचेचं चंचुपात्र वापरलं.

दोन लिटरचं एक लिटरच्या आसपास झालं तेव्हा पाणी किंचित गढूळ. ते कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडूचाच भाऊ. पाव-पंचमांश उरलं तेव्हा बारीक चमकणाऱ्या सुया तळाला. जिप्सम. ते गाळून टाकलं. दोनशे मिलिलिटरच्या आसपास आल्यावर पृष्ठभागावर पहिला चौकोनी तवंग तरंगला आणि कोणीतरी ओरडलं, "आलं!" तोवर खाऱ्या पाण्यातलं नऊ-दशांश पाणी उडून गेलं होतं. म्हणजे समुद्रातून मीठ काढायचं तर आधी बाकीच्यांना वाट द्यावी लागते. ज्याची विद्राव्यता, म्हणजे पाण्यात विरघळण्याची क्षमता, कमी तो आधी खाली बसतो.

साठ मिलिलिटर उरल्यावर थांबलो. वरचं पाणी ओतून वेगळ्या बाटलीत ठेवलं, खालचं मीठ गाळणकागदावर निथळत ठेवलं. सुमारे ४० ग्रॅम भरलं. हे "समुद्र दोन".

"समुद्र एक" शेवटी अगदी मंद आचेवर सुकवलं. आच मोठी केली की मीठ तडतडून बाहेर उडतं, आणि मॅग्नेशियम क्लोराइड फार तापवलं तर आम्लाची वाफ सुटते. गरम असतानाच वजन: ३८ ग्रॅम. लिटरभर समुद्रात साधारण ३५ ग्रॅम क्षार असायला हवेत. जास्तीचे तीन कुठून? काटेवालीने काटा दोनदा शून्य करून पाहिला. काटा बरोबर आहे. तीन ग्रॅम पाणीच आहे, पण ओल नाही: मॅग्नेशियम क्लोराइडच्या स्फटिकाच्या रचनेतच पाण्याचे सहा रेणू बसलेले असतात. स्फटिकजल. मोरचूद तापवल्यावर निळ्याचं पांढरं होतं तो प्रयोग आठवला सगळ्यांना.

चाखून बघायची सगळ्यांचीच इच्छा होती. गिरगाव चौपाटीचं पाणी, आणि प्रयोगशाळा. दोन्ही कारणांनी नाही.

८ जुलै

"समुद्र एक" आणि "समुद्र दोन" यांच्याही बशा ठेवल्या होत्या. दहा-दहा ग्रॅम. चारच दिवसांत एकची बशी तळं. "समुद्र दोन" पाकिटातल्या मिठाच्या जवळपास.

मग मॅग्नेशियम शोधलं. प्रत्येकी अर्धा ग्रॅम मीठ शुद्ध पाण्यात विरघळवून त्यात सोडियम हायड्रॉक्साइडचे थेंब (ते मी घातले, चष्मा आणि हातमोजे घालून). पाकिटातलं: पाणी स्वच्छच. "समुद्र दोन": धुरकट. "समुद्र एक": पांढरा, जेलीसारखा साका. बाटलीत वेगळं ओतून ठेवलेल्या पाण्यात तर थेंब पडताच दही लागल्यासारखं. हा साका मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडचा.

समुद्रातल्या क्षारांत तीन चतुर्थांशांहून जास्त साधं मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड. उरलेल्यात मोठा वाटा मॅग्नेशियमच्या क्षारांचा, आणि पाण्याची खरी हाव त्यांना.

१२ जुलै

गटातल्या एकाचे आजोबा शाळेत आले. मुलुंडकडच्या मिठागरात आयुष्य गेलंय. पूर्व द्रुतगती महामार्गावरून जाताना खाडीच्या बाजूला जे चौकोनी वाफे दिसतात, तिथे. मुंबईत मुलुंड, भांडुप, कांजूरमार्ग, वडाळा अशी मिठागरं. बस रोज जाते, पण गटातल्या पाच जणांनी ते चौकोन कशाचे आहेत हे कधी विचारलंच नव्हतं.

मी त्यांना आमचे टप्पे सांगितले: आधी खडू, मग जिप्सम, मग मीठ, मग वरचं पाणी ओतून टाकलं. ते हसले. "बाई, आम्ही तेच करायचो की. उधाणाच्या भरतीला पाणी आत घ्यायचं. एका वाफ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. शेवटच्या वाफ्यात मीठ. पहिल्याच वाफ्यात मीठ पाडायला गेलात तर चिखल हाती येईल."

मी विचारलं, मीठ पडायला आलंय हे कसं कळायचं? "पाणी लालसर होतं. आणि वास बदलतो." लालसरपणाचं कारण मी मुलांना सांगितलं: इतक्या खाऱ्या पाण्यात बाकी कोणी जगत नाही, पण डुनालिएला नावाचं शैवाल आणि काही सूक्ष्मजीव तिथेच वाढतात, त्यांच्यातलं रंगद्रव्य दिसतं. आजोबांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "असेल."

मग त्यांनी जे सांगितलं ते आम्ही प्रयोगशाळेत नुकतंच बाटलीत बंद केलं होतं. "मीठ ओढलं की लगेच विकायचं नसतं. ढीग घालायचा. ढिगातलं कडू पाणी खाली उतरू द्यायचं. ते उतरलं की मीठ सुकं राहतं. घाई केली तर गोणी ओली, आणि गिऱ्हाईक परत."

वहीवाल्याने न विचारता आमची ती बाटली आणून त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी बूच काढून एक थेंब बोटावर घेतला, जिभेला लावला आणि तोंड वाकडं केलं. "हेच." मी अडवायच्या आत झालं हे सगळं. मुलांनी माझ्याकडे पाहिलं. प्रयोगशाळेचा नियम त्यांच्यासाठी आहे, असं सांगून वेळ मारून नेली.

१५ जुलै

इतिहासाच्या बाईंनी सुचवलं म्हणून फलकावर एक चौकट: ६ एप्रिल १९३० ला दांडीला गांधीजींनी मीठ उचललं, आणि त्याच वर्षी मे-जूनमध्ये वडाळ्याच्या मिठागरावर सत्याग्रहींनी धाडी घातल्या. चौकट एवढीच. मूळ प्रश्न रसायनाचा आहे.

१९ जुलै

हायग्रोमीटर, म्हणजे हवेची आर्द्रता मोजणारी उपकरणं, घेतले. लॅमिंग्टन रोडवर मिळतात, छोटे, बटनसेलवर चालणारे. तीन घेतले. तिन्ही शेजारी ठेवले तर एक ७९ दाखवतो, एक ८४, एक ८२. आता खरं कोणाचं?

मुलांचा पहिला तोडगा: सरासरी काढू. मी विचारलं, तिन्ही चुकीचे असतील तर सरासरी बरोबर कशी येईल? दुसरा तोडगा: सांताक्रूझच्या वेधशाळेचा आकडा घेऊ. पण तो सांताक्रूझच्या उघड्या मैदानातला, आपल्या प्रयोगशाळेच्या कोपऱ्यातला नाही.

मग मिठालाच विचारलं. झाकण घट्ट बसणारा डबा. त्यात वाटीभर मीठ, वर थोडंसं पाणी घालून ओलसर लगदा. पूर्ण विरघळता कामा नये, खाली मीठ उरलंच पाहिजे. शेजारी तिन्ही हायग्रोमीटर. झाकण लावून रात्रभर ठेवलं.

२० जुलै

सकाळी: ७३, ७७, ७६.

मिठाच्या संपृक्त द्रावणावरची, म्हणजे ज्यात आणखी मीठ विरघळत नाही अशा द्रावणावरची, बंद हवा ७५ टक्क्यांवर येऊन थांबते. ना ७०, ना ८०. तापमान थोडं इकडेतिकडे झालं तरी आकडा फारसा हलत नाही, म्हणूनच उपकरणं तपासायला जगभर ही युक्ती वापरतात. आपला पहिला हायग्रोमीटर दोन कमी दाखवतो, दुसरा दोन जास्त, तिसरा एक जास्त. कालचे आकडे दुरुस्त केले: ८१, ८२, ८१. जुळले! तिन्हींवर पट्टी चिकटवली: क्रमांक एक अधिक दोन, क्रमांक दोन वजा दोन, क्रमांक तीन वजा एक.

पण ७५ च का? यावर आजचा सगळा तास गेला, आणि जाऊ दिला.

साध्या पाण्याच्या पृष्ठभागावरून रेणू सतत हवेत उडतात आणि हवेतले सतत पाण्यात परत येतात. दादरला गाडी थांबली की जितके उतरतात तितकेच चढले तर डब्यातली गर्दी तेवढीच राहते. गर्दी तेवढीच म्हणजे कोणी हललंच नाही असं नव्हे. झाकलेल्या साध्या पाण्यावर हा तोल १०० टक्क्यांना साधतो. पाण्यात मीठ असेल तर सोडियम आणि क्लोराइडचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, आसपासच्या पाण्याच्या रेणूंना ओढून धरतात. उडणारे कमी होतात. मग तोल साधायला हवेतून परत येणारेही कमीच पुरतात: ७५ टक्के.

आता उलटं बघा. बाहेर ८२ टक्के. मिठाच्या दाण्यावर पाण्याचा एक अदृश्य थर बसला, त्यात थोडं मीठ विरघळलं, संपृक्त द्रावण तयार झालं. त्यातून उडणारे रेणू ७५ च्या मापाचे, येणारे ८२ च्या मापाचे. येणारे जास्त. पाणी वाढतच जाणार, दाणा संपेपर्यंत आणि त्यानंतरही. बाहेरची हवा ७५ च्या खाली असेल तर उलट: मीठ कोरडं.

काटेवाली म्हणाली, "म्हणजे साखरेचा आकडा मोठा असणार." बरोबर! साखरेचा आकडा ८५ च्या आसपास. आमची हवा बहुतेक दिवस ८० ते ८५ मध्ये होती. मीठ हरलं, साखर वाचली. मधल्या सुट्टीतल्या प्रश्नाचं उत्तर फळ्यावर दोन आकड्यांत बसलं, आणि ते मी सांगितलं नाही याचा मला फार आनंद.

२३ जुलै

प्रिन्सेस स्ट्रीटवरून मॅग्नेशियम क्लोराइड आणलं. तोच डबा, तीच पद्धत. दुरुस्ती करून तिन्ही हायग्रोमीटर ३२ ते ३४ मध्ये. म्हणजे हवेत ३३ टक्क्यांच्या वर पाणी असलं की हा गडी चिघळणार. मुंबईत वर्षभरात ३३ च्या खाली हवा किती वेळा जाते? हिवाळ्यातल्या एखाद्या कोरड्या दुपारी. बाकी कायम त्याची चंगळ.

कॅल्शियम क्लोराइडचा आकडा आणखी खाली, ३० च्या आसपास. म्हणून तर कपाटात ठेवतात.

२९ जुलै

एक पालक आले. फोनवर एक संदेश फिरतोय: पाकिटातल्या मिठात सायनाइड असतं. पाकिटावर ५३६ हा आकडा आहे, तोच तो. मुलं घाबरली होती.

५३६ म्हणजे पोटॅशियम फेरोसायनाइड. नावात सायनाइड आहे, ते खरं. पण त्यातले सहाही सायनाइड गट मधल्या लोखंडाच्या अणूला इतके घट्ट बांधलेले असतात की पोटात ते सुटे होत नाहीत. विषारी असतं ते सुटं सायनाइड. मिठातही सोडियम आणि क्लोरीन आहे; सोडियम पाण्यात पेट घेतो, क्लोरीन विषारी वायू. संयुग झालं की गुणधर्म वेगळे. हे सातवीत शिकवतो आणि मग फोनवरचा संदेश वाचताना विसरतो. प्रमाणही बघा: मर्यादा किलोला १० मिलिग्रॅम. आमच्या काट्याच्या सगळ्यात लहान आकड्याएवढं, पूर्ण किलोभर मिठात.

ते करतं काय, हे मात्र पुढच्या महिन्यात नीट कळेल. ओल थांबवत नाही, हे १ जुलैच्या बशीने दाखवलंच.

६ ऑगस्ट

तांदळाची परीक्षा. निम्म्या घरांत मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे असतात. दोन प्रकारे पाहिलं.

उघडी बशी, मिठात तांदूळ: काही उपयोग नाही. मुंबईची सगळी हवा तांदूळ कसे कोरडी करणार!

झाकणाची बरणी, दिवसातून तीनदा उघडायची, स्वयंपाकघरात उघडतो तशी: इथे फरक दिसला. तांदूळ असलेली बरणी मोकळी, नसलेली किंचित ओलसर. झाकण उघडलं की थोडीच हवा आत जाते, तिच्यातल्या थोड्या पाण्यातला वाटा तांदूळ घेतात. कोरड्या तव्यावर भाजलेले तांदूळ साध्यापेक्षा सरस ठरले, कारण भाजताना त्यांच्यातलं पाणी आधीच गेलेलं. पण तांदूळही भरतात. दोन आठवड्यांनी त्यांचा जोर ओसरला. म्हणजे आजीची युक्ती बरोबर, पण झाकणासकट, आणि तांदूळ बदलत राहिलात तर.

११ ऑगस्ट

छोटी नोंद. नऊ व्होल्टची बॅटरी, एलईडी आणि त्याला लागणारा रोध, दोन खिळे. भाजून कोरड्या केलेल्या मिठात खिळे: दिवा नाही. आर्द्र हवेत ठेवलेल्या मिठात: मंद. "समुद्र एक" मध्ये: लख्ख. कोरड्या स्फटिकात आयन जागेवर बांधलेले असतात, पाणी आलं की हिंडतात आणि वीज वाहते. प्रदर्शनात लोक याच्यापाशी सगळ्यात जास्त रेंगाळणार, दिवा लागतो ना. लागू दे.

१ ऑक्टोबर

मध्ये गणपती, चाचणी, बरंच काही. बशा मात्र झाकून ठेवल्या होत्या. आज झाकणं काढली. पाऊस परतीच्या वाटेवर. आता खरी वाट दुपारच्या आकड्याची.

१३ ऑक्टोबर

ऑक्टोबरचं ऊन. दुपारी अडीच वाजता दुरुस्त आकडा ५८. म्हणजे ७५ च्या खाली, ३३ च्या वर. नेमकी हीच हवा हवी होती.

पाकिटातलं मीठ: कोरडं! जुलैत तळं झालेल्या बशीत पुन्हा स्फटिक. भिंगाखाली चौकोन दिसतात, काहींच्या मध्यभागी पायऱ्यापायऱ्यांचा खड्डा, कारण कडा आधी वाढतात.
"समुद्र दोन": कोरडं, कडेला जरासा ओलावा.
"समुद्र एक": ओलं. स्फटिक आहेत, पण दाट पाण्यात बसलेले. ते पाणी उडत नाही. बशी उन्हात धरली तरी नाही.

जुलैत या बशांमधला फरक नुसता कमी-जास्तीचा होता, सगळंच ओलं होतं. आज फरक हो-नाहीचा आहे. तीनही बशांचे फोटो एकाच उजेडात काढले.

१४ ऑक्टोबर

सकाळी साडेसात: ८१. पाकिटातलं मीठ पुन्हा ओलसर. दुपारी ६०, पुन्हा कोरडं. रात्री वर, दुपारी खाली.

आणि इथे त्या ५३६ ची जागा सापडली. दाण्यावर ओल आली की दोन दाण्यांच्या मधल्या फटीत द्रावण साचतं. दुपारी ते सुकलं की तिथेच मीठ जमतं आणि दोन दाणे जोडले जातात. रोज एक फेरा, रोज थोडा जोड. असं करत मिठाचा खडा होतो. फेरोसायनाइड स्फटिकाच्या पृष्ठभागाला चिकटून त्याची वाढ बिघडवतं, त्यामुळे जमणारं मीठ भक्कम जोडाऐवजी फांद्याफांद्यांचं, ठिसूळ होतं. चमच्याने ढवळलं की मोडतं. खडे मिठाच्या बशीत चमचा उभा राहिला, पाकिटातल्याच्या बशीत आडवा पडला. काटेवालीने चमच्याचा फोटो फलकाच्या मध्यभागी लावायचा हट्ट धरलाय. माझी हरकत नाही, बशांच्या फोटोपेक्षा तो लवकर कळतो.

१७ ऑक्टोबर

फलकाचा आराखडा ठरला. वरच्या बाजूला वर्गातलं चार लिटर पाणी, मध्ये तीन आकडे: ३३, ७५, ८५. खाली बशा आणि चमचा. खऱ्या बशाही टेबलावर ठेवायच्या, नुसते फोटो नकोत. प्रदर्शन डिसेंबरात आहे. तेव्हा दुपारी पाकिटातलं मीठ कोरडंच असेल, म्हणून एक ओली बशी बंद डब्यात जपून न्यावी लागेल. वहीवाल्याकडे ते काम.

वहीवाला दिवाळीला सोलापूरला मामाकडे चाललाय. तिथली हवा इथल्यापेक्षा खूप कोरडी, "समुद्र एक" तिथे सुकतं का, हा त्याचाच प्रश्न. त्याच्याबरोबर दोन्ही समुद्रांच्या पाच-पाच ग्रॅमच्या बाटल्या, दोन बशा आणि हायग्रोमीटर क्रमांक दोन. सकाळी सातला आणि दुपारी अडीचला वाचन घ्यायचं, जेवणाच्या खोलीत नको, तिथे वाफ असते. सेल नवा टाकला. वजा दोन करायचे आहेत हे हायग्रोमीटरच्या पाठीवरही लिहून दिलंय. मामांसाठी एक चिठ्ठी वेगळी: बशीतलं मीठ कोणी भाजीत घालू नये.